विचारलं म्हणून सांगितलं

नेरला आम्ही ज्या दोन खोल्यांत राहत होतो, त्यांच्या मागच्या भिंतीला लागून जिनिंगचा कारखाना होता. कापसाच्या दिवसांत तो सकाळी सुरू झाला की अंधार पडेपर्यंत चाले, आणि त्याची घरघर भिंतीतून, जमिनीतून, पाटावर बसलं तर पाटातूनही अंगात येई. पाहुणे वैतागून म्हणत, "तुमी राहता कसे इथी?" मला मात्र त्या आवाजाचा कधी त्रास झाला नाही. तो बदलत नसे. आत्ता आहे तसाच घटकाभरानं असेल याची खात्री असे, आणि खात्री असली की मला शांत झोपही लागे. मला त्रास व्हायचा तो कुकरच्या शिट्टीचा, शाळेच्या घंटेचा, फरशीवर ताट पडण्याचा. आईनं ते कसं ओळखलं कोण जाणे, पण शिट्टी व्हायची वेळ आली की ती हाक मारी, "बेबे, बाहेर जाय वं." मी अंगणात सीताफळाच्या झाडाखाली दोन्ही कान दाबून उभी राही. तीन शिट्ट्या झाल्या की आई दारातून पदर हलवी आणि मी आत येई. या गोष्टीला आमच्या घरात नाव नव्हतं. तो फक्त आमचा स्वयंपाक करण्याचा एक भाग होता.

जेवणाचंही तसंच. माझ्या ताटात एक पदार्थ दुसऱ्याला लागलेला मला चालत नसे. अंबाडीची भाजी मला फार आवडायची, पण तिचं पाणी भाकरीला लागलं की ती भाकर माझ्या घशाखाली उतरत नसे. बाबा चिडत. ते पंचायत समितीत कारकून होते, शिस्तीचे होते, आणि पानात टाकलेलं त्यांना अजिबात खपत नसे. आईनं एक दिवस भांड्यांच्या फडताळातून तीन लहान वाट्या काढल्या, भाजी एकीत, वरण एकीत, तिळाची चटणी एकीत वाढली, आणि भाकर ताटात एकटी ठेवली. बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "मोठी राजाची राणी आहे." आई म्हणाली, "जेवते तं खरं." त्यानंतर त्या तीन वाट्या माझ्या झाल्या.

माझी बहीण मंदाताई माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. ज्या दिवसांच्या या आठवणी सांगते आहे, तेव्हा मी अकरा वर्षांची आणि ती एकोणीसची होती. ती शिवणकाम करायची आणि गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या बायकांचे ब्लाउज तिच्या मशीनवरून उतरलेले असत. माझी वेणी घालणं हे तिचंच काम होतं, कारण माझ्या डोक्याला दुसऱ्या कोणी कंगवा लावला तर मी किंचाळत असे. ताईनं त्यावर एक उपाय काढला होता. ती मोठ्यानं आकडे मोजायची आणि काही झालं तरी चाळिसाला रिबीन बांधून मोकळी व्हायची. कधी केस जास्त गुंतलेले असले तर ती तिसाच्या पुढे सावकाश मोजे. ते माझ्या लक्षात येत असे, पण मी काही म्हणत नसे, कारण चाळीसनंतर एक्केचाळीस कधी आला नाही.

ताईला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. सहा वर्षांची असताना तिला ताप आला होता, कान वाहायला लागला होता, आणि ताप गेला तेव्हा कानही गेला. घरात आम्ही सगळे तिच्याशी डावीकडून बोलायचो. रस्त्यानं चालताना मी तिच्या डाव्या हाताला असे, आणि गर्दीत बाजू बदलली गेली तर आम्ही दोघी थांबून पुन्हा बाजू लावून घ्यायचो. बाहेरच्या कोणाला हे माहीत नव्हतं. ताई इतक्या सफाईनं मान वळवून बसायची की शेजारच्या बायका म्हणत, मंदा बोलताना किती लक्ष देऊन ऐकते.

मला मात्र गल्लीत घुमी म्हणत. शाळेत शिष्ट म्हणत. एक दूरची काकू तर आईच्या समोरच अर्धवट म्हणाली होती. मी बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नसे, कारण डोळ्यांत बघितलं की शब्द ऐकू येईनासे होत. पुढे नोकरीत मी एक युक्ती शिकले, समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधे बघायचं. सरकारी कचेरीत जमिनीच्या नकाशांच्या नकला काढण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या कामात माणसांकडे बघावं लागे ते थोडंच, रेषांकडे जास्त, आणि माझ्या रेषा कधी चुकल्या नाहीत. मात्र त्या थोड्या बघण्यानं मी इतकी थकून जाई की घरी आल्यावर तासभर मला कोणाशी बोलवत नसे.

यातल्या कशालाही नाव आहे हे मला गेल्या वर्षी कळलं. ताईचा नातू पाच वर्षांचा आहे. त्याला नागपूरला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी यवतमाळहून सोबत गेले. डॉक्टरीणबाई त्याच्या आईला एकेक प्रश्न विचारत होत्या. कपड्याच्या आतली शिवण टोचते म्हणून रडतो का, ठरलेला रस्ता बदलला तर अडून बसतो का, बोललेल्याचा सरळ शब्दशः अर्थ घेतो का. ताईची सून उत्तरं देत होती आणि मी शेजारी बसून प्रत्येक प्रश्नाला मनात "हो" म्हणत होते, त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. पुढच्या महिन्यात मी एकटीच पुन्हा गेले. तीन भेटी झाल्या. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही ऑटिझमच्या स्पेक्ट्रमवर आहात. लहानपणापासून आहात." मी विचारलं, हा आजार आहे का. त्या म्हणाल्या, "नाही, ही मेंदूची घडण आहे. जन्माचीच." परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते आणि मला सारखी एकच दुपार आठवत होती, ताईला पाहायला अमरावतीचे पाहुणे आले होते ती.

चांगलं स्थळ होतं. मुलगा नोकरीला, घर स्वतःचं. आठ दिवस आधीपासून घरात धावपळ होती. आईनं अंगण सारवलं, पडदे धुतले, शेजारून खुर्च्या आणल्या. बाबांनी बैठकीची मांडणी स्वतः केली. ताईची खुर्ची त्यांनी अशी ठेवली की तिची उजवी बाजू भिंतीकडे येईल आणि सगळे पाहुणे डावीकडे बसतील. भिंत आणि खुर्ची यांच्यामधे फक्त आमची जुनी ट्रंक होती, तिच्यावर आईनं चादर टाकली. मला एकच सूचना होती. आई माझी हनुवटी धरून म्हणाली, "पाहुण्यायसमोर मधातच बोलू नको. कोणी काही विचारलं तरच बोलजो." मी ती सूचना नीट लक्षात ठेवली.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आणि त्याची मावशी. मावशी अंगानं भारी होती, उन्हातून आली होती, आणि भिंतीतल्या झरोक्यातून वारा येतो हे बघून ती सरळ ट्रंकेवर जाऊन बसली. बाबांचा चेहरा तेव्हा कसा झाला हे मी पाहिलं नाही. मी चेहरे पाहत नव्हते. ताई आलूपोह्यांच्या बशा देऊन खुर्चीवर बसली. मावशीनं ट्रंकेवरून विचारलं, "सैपाक येते का सारा?" ताई समोर बघत बसली. मावशीनं पुन्हा काहीतरी विचारलं. ताई खाली बघत राहिली. आई घाईघाईनं आतून म्हणाली, "येते नं, सारा येते."  मग मावशी उठली आणि हात धुवायच्या निमित्तानं अंगणात आली. मी तिथे, दारातून बैठक दिसेल अशी, बादलीजवळ तांब्या घेऊन उभी होते.

तिनं हात पुढे केले. मी पाणी घातलं. ती म्हणाली, "काहून वं पोरी, तुही ताई बोलत नाही कोणाशी? लय मान आहे वाटते तिले."

तिनं विचारलं होतं. म्हणून मी सांगितलं. "मान नाही. तिले उजव्या कानानं ऐकू येत नाही. तुमी उजवीकडे बसल्या न, म्हणून. डावीकडून विचारा, सारं सांगते ते."

"अगो बाई! कधीपासून?"

"सहा वर्षांची होती तवापासून. कान वाह्यचा."

"अन् दुसरा?"

"दुसरा चांगला आहे. मी तपासला आहे. घड्याळ दूर धरून."

माझं उत्तर पूर्ण होतं, बरोबर होतं, आणि मला वाटत होतं की आता मावशी आत जाऊन जागा बदलेल आणि सगळं ठीक होईल. मी खरोखर आनंदात होते. मावशीनं पदराला हात पुसले, आत गेली, मुलाच्या वडिलांच्या कानाशी लागली. थोड्याच वेळात तिघं उठले. मुलाचे वडील बाबांना म्हणाले, "कळवतो." दारातून बाहेर पडताना मावशी म्हणाली, "लपवाले नव्हतं पाहिजे, भाऊ." पोह्यांच्या बशा तशाच भरलेल्या राहिल्या.

बाबांनी मला समोर उभं केलं. "काहून सांगतलं?"

"तिनं विचारलं."

त्यांचा हात वर गेला. मी डोळे मिटले. पण तो खाली आला तो माझ्यावर नाही. ते बाहेर निघून गेले, आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. म्हणजे घरात सगळं चालूच होतं. मी समोर बसलेली असताना ते आईला सांगत, "तिले म्हणा, चप्पल उचलून ठेव." आई मला सांगे, "चप्पल ठेव वं." मी ठेवी. आईनं मला रागावलं नाही, पण ती चुलीशी बसून रडली, आणि मला रडणाऱ्या माणसाजवळ काय करायचं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून मी तिच्याजवळ तिच्याकडे पाठ करून बसून राहिले.

ताईनं माझी वेणी घालणं सोडलं. ती भांडली नाही, ओरडली नाही. सकाळी मी कंगवा घेऊन तिच्यासमोर बसले तर ती उठून मशीनवर गेली. मी केस तसेच घेऊन शाळेत गेले. बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं. तसे किती दिवस गेले ते मला पक्कं ठाऊक आहे, नऊ.

आज मला कळतं की आमच्या घरात काय घडलं होतं. मला खोटं बोलू नये हे शिकवलेलं होतं. कोणतं खरं झाकून ठेवायचं असतं हे मात्र कोणी शिकवलं नव्हतं, कारण ते कोणालाच शिकवावं लागत नाही. बाकीची मुलं ते घरातल्या नजरांवरून, खाकरण्यावरून, भिंतीशी लावलेल्या खुर्चीवरून उचलतात. मी खुर्ची भिंतीशी लावलेली पाहिली होती. ती का लावली हेही मला माहीत होतं, ताईला नीट ऐकू यावं म्हणून. दुसऱ्यांना कळू नये म्हणूनही ती तशी लावली असेल, हे माझ्या डोक्यात कुठल्याच वाटेनं आलं नाही. कोणी मला शब्दांत सांगितलं असतं, "बेबे, कानाचं सांगू नको," तर मी जीव गेला तरी सांगितलं नसतं.

तेव्हा मला एवढंच समजलं की माझ्या सांगण्यात काहीतरी कमी पडलं. म्हणून मी बाबांच्या टेबलावरून एक कोरं कार्ड घेतलं आणि अमरावतीच्या पाहुण्यांना पत्र लिहिलं. ते पूर्ण व्हायच्या आधीच ताईनं मागून उचललं आणि वाचलं. त्यात असं होतं: "मावशीस नमस्कार. त्या दिवशी मी कानाचे सांगितले पण बाकीचे राहिले. ताई ब्लाउज शिवते त्याची शिवण उसवत नाही. ती वेणी घालते ती दुखत नाही. तिला एका कानाने ऐकू येते म्हणून ती दोनदा विचारून घेते, त्यामुळे तिचे माप चुकत नाही. तुम्ही पोहे न खाता गेलात. त्यात मीठ बरोबर होते, मी आधी खाऊन पाहिले होते."

ताई कार्ड हातात धरून उभी होती. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती, आणि मग मला वाटलं हसते आहे, तर तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला असं एकत्र काही झालं की फार गोंधळायला होई. मी विचारलं, "तुले हसू येऊन राह्यलं का रडू?"

"दोनी," ती म्हणाली. मग खाली बसली. "कंगवा आण."

मी आणला. ती केस सोडवत होती, आकडे अजून सुरू केले नव्हते. म्हणाली, "मले लय राग आलता तुया. अजून बी आहे थोडा."

"बरं."

"पण एक सांगू का? ते मावशी ट्रंकेवर बसली नं, तवा मी समोरच पाहत राह्यली. अन् मले वाटलं, आता हे असंच. त्या घरी गेली तं रोज पहावं लागन, कोण कुठी बसलं, कोण कुठून आलं. जन्मभर मान वळवून बसा लागन." एक गाठ सोडवून ती म्हणाली, "तू सांगून देलं तं लाज वाटली. पण रात्री झोप चांगली लागली मले. कायले लागली, ते नाही समजलं."

ते मलाही समजलं नाही. पण तिनं एक म्हटलं आणि मोजायला सुरुवात केली.

महिन्याभरानं मुकुटबनचं स्थळ आलं. मुलाची पिठाची गिरणी होती. आई म्हणाली, बेबीला शेजारी पाठवू. बाबा म्हणाले, "तिले म्हणा, पाहुणे जाईपर्यंत तिकडेच राह्य." ताई मशीनवरून उठून दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात आली. बाबांसमोर ती कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती.

"बेबी इथीच बसन. ते नसली तं मी बी बाहेर नाही येणार."

"मंदे, समजते का तुले काही?"

"समजते, बाबा. ह्या टाइमले तिले कोणाले काही सांगा नाही लागणार."

मुलगा आणि त्याची आई, दोघंच आले. दोघंही खूप मोठ्यानं बोलत होते. मी दाराच्या चौकटीला टेकून एक हात कानावर ठेवून उभी होते. ताई बाहेर आली, बसली, आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "मले उजव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. आधीच सांगतलेलं बरं."  आई आतल्या खोलीत जिथे होती तिथेच खाली बसली. बाबा जमिनीकडे बघत होते.

मुलगा उठला. त्यानं आपली खुर्ची उचलली, ताईच्या डाव्या बाजूला ठेवली आणि बसला. मला वाटलं, त्याला ऊन लागत असावं. तसं मी कितीतरी वर्षं समजत होते. तो मुलगा म्हणजे आमचे भाऊजी; ते वारल्यानंतर एकदा फोनवर ताईच बोलता बोलता म्हणाली, "त्यायनं खुर्ची उचलली नं, तवाच मी हो म्हटलं मनातल्या मनात," आणि मग मला उलगडलं. मी तिला उन्हाचं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला.

मुलाची आई त्या दिवशी म्हणाली, "आमच्या गिरणीत तं दोनी कान असून कोणाले काही ऐकू येत नाही. सारे बोंबलतच राह्यतात." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अन् हे कोण, लहानी का? तुले काय सांगाचं आहे वं ताईबद्दल?"

बाबांनी मान वर केली. आता त्यांचा चेहरा मी पाहिला, कारण मला सांगू का नको ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं आहे का ते शोधत होते. काही लिहिलेलं नव्हतं. मी ताईकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग, सांग."

"तिले राग आला तं नऊ दिवस राह्यते," मी म्हणाले. "मंग थोडा उरते, पण वेणी घालून देते."

मुलाची आई हसता हसता ठसका लागून पाणी मागायला लागली. त्या दिवशी पोह्यांच्या बशा रिकाम्या आत आल्या, आणि आठवडाभरात होकार.

होकार आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खिडकीला आरसा टेकवून दाढी करत होते. आई नळावर गेली होती, ताई बाहेर. घरात आम्ही दोघंच, आणि मधे निरोप न्यायला कोणी नाही. मी पुस्तकाला कव्हर घालत होते. बाबा आरशातच बघत म्हणाले, "बेबे."

दीड महिन्यानं ते मला हाक मारत होते. मी वर पाहिलं.

"मी बोलत नव्हतो तुयाशी. माह्यावर राग आहे का तुले?"

मी विचार केला. खरं उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. आत पाहावं लागतं. "हो," मी म्हणाले.

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला. बराच वेळ तो तसाच पाण्यात होता. "किती दिवस राह्यन?"

"माहीत नाही."

"बरं," बाबा म्हणाले. "गेला की सांगजो मले."

मी त्यावर लक्ष ठेवलं. रोज सकाळी उठल्यावर आणि शाळेतून आल्यावर मी आत पाहत असे. बाबा आता माझ्याशी थेट बोलत, चप्पल ठेव, दिवा लाव, पाढे म्हण. पण राग होता. मग एका दुपारी, मधल्या सुट्टीत मी पटांगणाच्या कडेला बसून डबा खात होते, आणि पाहिलं तर तो नव्हता. पुन्हा पाहिलं. खरंच नव्हता. मी डबा बंद केला आणि शाळेतून निघाले. विचारून निघायचं असतं हे मला माहीत होतं, पण बाबांनी "गेला की सांगजो" म्हटलं होतं, "घरी आल्यावर" म्हटलं नव्हतं.

पंचायत समितीच्या कचेरीत मी पूर्वी कधी गेले नव्हते. व्हरांड्यात माणसांची गर्दी, आत टाइपरायटरचा कडकडाट, विड्यांचा वास. कानांवर हात ठेवून मी एकेका टेबलाकडे बघत गेले. बाबा शेवटच्या टेबलावर होते, समोर चार-पाच गावकरी कागद घेऊन उभे. मी त्यांच्यामधून पुढे गेले.

"बाबा, गेला."

ते माझ्याकडे बघत राहिले. कशाबद्दल म्हणते आहे हे त्यांना लगेच कळलं नसावं. मग कळलं. त्यांनी टाक दौतीत ठेवला, चष्मा काढला आणि उपरण्यानं पुसला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं, "कोण हो साहेब? काय झालं? घरी सारं बरं आहे न?"

"सारं बरं आहे," बाबा म्हणाले. उठून त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः उभे राहिले. "माही पोरगी आहे. महत्त्वाचं काम होतं तिचं."